नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या वाड्यातली चिंच आतून पोकळ झाली आहे. पाडावीच लागेल का?

नाही, लगेच पाडू नका. झाडाचं जिवंत काम सालीलगतच्या थरात चालतं, गाभा मेलेलंच लाकूड असतं. म्हणून जुनी चिंच ढोलीसकट वर्षानुवर्षं उभी राहते. ढोलीत सिमेंट मात्र भरू नका, आत ओल अडकून कूज वाढते.

खरं बघायचं ते बुंध्याशी. तिथे कडक, तपकिरी, पंख्यासारखी भूछत्रं उगवली आहेत का? झाड अलीकडेच कललंय, एका बाजूची माती उचलली गेलीय? तसं असेल तर पावसाळ्याआधीच्या वादळांची वाट न बघता जाणकाराला दाखवा. अंगणात फरशी घातली असेल तर बुंध्याभोवतीची तरी उखडा, मुळांना हवापाणी मिळू द्या. माझ्या मते वाड्यांमधली झाडं वयापेक्षा या फरश्यांनीच जास्त खचतात. शेंडा छाटून झाड बोडकं करू नका, वाळक्या फांद्या तेवढ्या उतरवा.

आणि हो, २०२१ च्या कायदादुरुस्तीनुसार ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड महाराष्ट्रातल्या शहरी भागात वारसा वृक्ष मानलं जातं. खासगी अंगणातलं असलं तरी कुऱ्हाड लावण्याआधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मोठ्या फांद्या उतरवायच्या असतील तरी आधी तिथेच विचारा.