कुत्रा गेल्याचं सहा वर्षांच्या मुलीला कसं सांगू?

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि बराच वेळ डोळा लागला नाही. बारा वर्षांचा कुत्रा किडनीच्या आजारानं गेला, सहा वर्षांची मुलगी आजोळी आहे, रविवारी परत येणार. घरचे म्हणतायत, ‘शेतावर सोडलाय’ म्हणून सांग, लगेच दुसरं पिल्लू आण, चार दिवसांत विसरेल. असं सांगावं का, हे तुम्ही विचारलंय.

सांगू नका. मी नेमकं हेच सांगितलं होतं.

आम्ही अमळनेरचे. खंड्या घरी आला तेव्हा माझा मुलगा दोन वर्षांचा होता. बोरी नदीच्या पुलाजवळून सासऱ्यांनी उचलून आणलेलं साधं गावठी पिल्लू, तांबूस रंगाचं. आमचं कुलदैवत खंडोबा, म्हणून नाव खंड्या. धाकटी झाली तेव्हा तो चार वर्षांचा. ती त्याच्या पाठीला धरूनच उभी राहायला शिकली. तो जागचा हलायचा नाही, ती पडेपर्यंत तसाच थांबायचा. उन्हाळ्यात त्याची एक ठरलेली जागा होती, माठाच्या तिवईखाली. माठ पाझरायचा, खालची फरशी ओली असायची, तिथं पोट टेकून तो दुपारभर पडायचा. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकूनच त्याला अंग गार ठेवावं लागतं. मुलीला हे सगळं माहीत होतं. पुढचं खोटं तिला पटलं ते त्यामुळेच.

होळी झाली आणि खंड्यानं खाणं सोडलं. मग एका सकाळी फरशीवर रक्ताचे थेंब दिसले, नाकातून येत होते. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. धुळ्याला नेलं, रक्त तपासलं. प्लेटलेट 18 हजार निघाल्या. धडधाकट कुत्र्याच्या दोन लाखांच्या वर असतात. गोचीड ताप. गोचिडीच्या चाव्यातून जंतू रक्तात जातात. लवकर कळलं तर गोळ्यांचा तीन-चार आठवड्यांचा कोर्स असतो आणि बरीच कुत्री त्यातून उठतात. आमच्या खंड्याचं दुखणं जुनं होतं, हाडांच्या मज्जेपर्यंत पोचलेलं. चौथ्या दिवशी पहाटे तो ह्यांच्या मांडीवर गेला. मुलगा शेजारी बसलेला होता. मुलगी आत झोपलेली.

ती उठायच्या आत ह्यांनी आणि मुलानं त्याला शेतात नेलं. निंबाखाली, विहिरीपासून लांब, कमरेइतका खड्डा खणला, खाली-वर खडेमीठ घातलं, जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवला. परत आले तेव्हा मुलगा अंगणातल्या नळावर हात धूत होता, कोपरापर्यंत माती. तेवढ्यात मुलगी डोळे चोळत बाहेर आली आणि म्हणाली, “खंड्या कुठंय?”

कुणी काही बोलायच्या आत मीच बोलले. म्हटलं, “मामाच्या मळ्यात सोडलाय. इथं ऊन फार आहे ना, तिकडे केळीची गार सावली आहे.” माझं माहेर चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या अंगाला, भावाची केळी आहे. तिनं क्षणभर विचार केला आणि मान हलवली. “मग आखाजीला भेटेल.” मी हो म्हटलं. मुलगा नळ चालू ठेवून माझ्याकडे बघत होता. त्याच्याकडे मी नजरेनंच खूण केली, गप्प राहा.

आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. दीड महिना होता मध्ये. मला वाटलं तोवर विसरेल.

ती विसरली नाही. रोज जेवताना भाकरीचा काठ मोडून बाजूला ठेवायची. मला वाटायचं काठ कडक लागतो म्हणून टाकते. आखाजीच्या आदल्या दिवशी बॅग भरताना तिच्या कपड्यांखाली जुना स्टीलचा डबा सापडला. झाकण काढलं तर आत भाकरीचे तुकडे, वरपर्यंत भरलेले. उन्हाळ्यानं वाळून खडखडीत झालेले, हलवले की खुळखुळ्यासारखे वाजणारे. वर दोन ग्लुकोजची बिस्किटं. मी झाकण लावलं आणि डबा होता तिथं ठेवला. तेव्हासुद्धा तिला सांगायची हिंमत माझ्यात आली नाही. तेव्हा तरी सांगायला हवं होतं.

माहेरी पोचल्यावर तिनं चपला काढल्या नाहीत. डबा घेऊन थेट घरामागच्या केळीत शिरली. दोन ओळींमधून हाका मारत निघाली, “खंड्या! खंड्या!” डबा वाजवत. भाऊ माझ्याकडे बघायला लागला, त्याला मी काही सांगून ठेवलंच नव्हतं. आणि मागून माझा अकरा वर्षांचा मुलगा ओरडला, “मेलाय तो! होळीलाच मेलाय! मी पुरलाय त्याला! मला सांगू नको म्हणाले!” आणि खाली बसला आणि जो रडला, ताई, दीड महिन्यात एकदाही रडला नव्हता तो.

मुलगी केळीतून बाहेर आली. तिनं मला एकच विचारलं. “मी भाकरी ठेवत होते तेव्हा तुला माहीत होतं?”

ह्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून इतकं लांबण लावून लिहितेय.

धाकटीचं नुकसान मला तेव्हाच दिसलं. थोरल्याचं दिसायला वेळ लागला. लहानीला खोटं सांगायचं ठरलं की मोठ्याला त्या खोट्यात सामील व्हावं लागतं. त्याला तिच्यासमोर रडता येत नव्हतं, खंड्याचं नाव काढता येत नव्हतं, ती मामाच्या मळ्याबद्दल बोलायला लागली की उठून जायचा. शाळेतून आला की गच्चीवर. मी समजत होते परीक्षेचं टेन्शन. तुमच्या घरात मोठं भावंड आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर आधी त्याच्याशी बोला.

त्या दिवशी सांभाळून घेतलं ते माझ्या मायनं. आखाजीला आमच्याकडे पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, वर खरबूज, आंबे, सांजोऱ्या ठेवतात. वडिलांची घागर भरायची चालली होती. मायनं हात पुसले, मुलीला जवळ घेतलं आणि अहिराणीत सरळ सांगितलं, “बठ बेटा. खंड्या मरी गया. आते तो येवाव नही.” एवढंच. मी दीड महिना जे शब्द शोधत होते ते एवढेच होते.

मुलगी म्हणाली, “त्याला तहान लागत असेल?” माय म्हणाली, नाही, मेल्यावर तहान, भूक, दुखणं काहीच लागत नाही. “मग आजोबांना पाणी कशाला?” माय जरा थांबली. “आपले याद येस म्हनीसन.” आपल्याला आठवण येते म्हणून. मुलगी बराच वेळ घागरीकडे बघत राहिली. मग मायनं तिला एक मातीचं लोटकं दिलं. ते तिनं स्वतः भरलं, अंगणातल्या निंबाखाली नेऊन ठेवलं आणि डब्यातले तुकडे त्याच्या भोवती ओतले. संध्याकाळपर्यंत गल्लीतली कुत्री आली, तुकडे खाल्ले, पाणी प्याली. ती ओट्यावर बसून बघत होती. त्यानंतर ती रडली, माझ्या कुशीत नाही, मायच्या कुशीत. मला परत जवळ यायला तिला आठवडा लागला.

आता तुमच्या रविवारचं. सहाव्या वर्षी बऱ्याच मुलांना मरण म्हणजे लांब गावाला जाणं वाटतं, जिथून माणूस परत येऊ शकतो. ते कायमचं असतं, सगळ्यांना येतं, हे नीट उमगायला वेळ लागतो. म्हणून ‘गेला’ हा शब्द मोठ्यांसाठी ठीक आहे, तिच्यासाठी नाही. ‘मेला’ म्हणा. कानाला कठोर लागतो, पण तिला कळतो. ‘झोपला’ तर चुकूनही म्हणू नका, माझ्या नणंदेनं तसं सांगितलं होतं तर तिचा मुलगा रात्री झोपायलाच घाबरायला लागला. ‘देवानं नेला’ हेही मी टाळेन. आपल्याला दिलासा वाटतो, पण लेकराला वाटतं, देव माझं माणूस उचलून नेतो, उद्या आईला नेईल.

ती घरात पाय ठेवेल तेव्हा सवयीनं त्यालाच शोधेल. शक्य असेल तर आणायला तुम्ही स्वतः जा आणि घरी येण्याआधी, आजोळच्याच ओट्यावर, शेजारी बसवून सांगा. “त्याची किडनी खूप आजारी होती, औषधं दिली, बरी झाली नाही, त्याचं शरीर बंद पडलं, तो मेला. आता त्याला दुखत नाही. तो परत येणार नाही.” ह्यापेक्षा जास्त बोलू नका. ती विचारेल तेवढ्याचं उत्तर द्या. कदाचित काहीच विचारणार नाही, खेळायला पळेल, ह्याचा अर्थ तिला दुःख नाही असा नाही. रात्री विचारेल, महिन्यानं विचारेल, तोच प्रश्न दहा वेळा विचारेल. दहाही वेळा तेच उत्तर द्या, बदलू नका. तुम्हाला रडू आलं तर येऊ द्या. त्याचं भांडं, पट्टा काही लपवू नका, काय करायचं ते तिला ठरवू द्या. पुरला असेल तर जागा दाखवा.

आणि तिच्या मनात काही अपराध बसलाय का तेवढं हळूच चाचपून बघा. माझ्या मुलाच्या मनात होता. तो बाहेर आला श्रावणात, कानबाई ह्या आमच्याकडच्या देवीचं विसर्जन झाल्याच्या दुसऱ्या रात्री, गच्चीवर. खंड्याला भाकरी घालायचं काम त्याचं होतं. आजारपणाच्या सुरुवातीला दोन दिवस खंड्यानं भाकरीला तोंड लावलं नव्हतं आणि ह्यानं ती भिंतीपलीकडे टाकून दिली होती. रागवतील म्हणून सांगितलं नाही. “मी सांगितलं असतं तर वाचला असता.” पाच महिने हे पोटात घेऊन फिरत होता माझा मुलगा. मी कितीही नाही म्हटलं तरी त्याला पटेना, आणि का पटावं, मी एकदा खोटं बोललेली होते. मग त्याला घेऊन धुळ्याला त्याच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वेळ काढून रिपोर्ट त्याच्यासमोर ठेवला, आजार कित्येक महिन्यांपासून आत होता, दोन दिवसांनी काही झालं नसतं, हे समजावलं. गोचीड कुठं शोधायची तेही दाखवलं, कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली. येताना गाडीत तो झोपला, खूप दिवसांनी तसा गाढ झोपला.

पिल्लाचं म्हणाल तर लगेच नको. आत्ता आणलंत तर मुलीला ते कुत्रा बदलून आणल्यासारखं वाटेल, आणि त्या पिल्लावरही अन्याय होईल. आम्ही अजून आणलेलं नाही. माठाच्या तिवईखाली हल्ली मुलगी एक पसरट कुंडं भरून ठेवते, दुपारी फाटक उघडं ठेवते. गल्लीतली एक काळी कुत्री येते, पाणी पिते, थोडा वेळ ओल्या फरशीवर बसते आणि जाते. तिला अजून नाव ठेवलेलं नाही. मुलगा म्हणतो, थांबू थोडं. मुलगी रोज विचारते, आज ठेवू का?