गॅरेज कट्टा : पॉइंटचा गॅप पोरांना शिकवायचा कसा?

प्रश्न : आमचं सांगलीत गॅरेज आहे, वडिलांनी टाकलेलं. महिन्याला एखाद-दुसरी फियाट येते, कधीमधी ॲम्बॅसिडर. त्या वडीलच बघतात, पण आता त्यांना वाकवत नाही. आयटीआय झालेली दोन पोरं हाताखाली आहेत, स्कॅनर लावून फॉल्ट पटकन काढतात, पण कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) समोर आला की एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. शिकवायला सुरुवात कुठून करू?

उत्तर : आधी पोरांवर चिडू नका, त्यांची चूक नाहीये. नवी गाडी स्वतःच सांगते कुठं दुखतंय, जुनी गाडी मुक्या जनावरासारखी, आपणच हात लावून कान लावून ओळखायचं. आम्ही कुर्ल्यात शिकलो तेव्हा कुणी शिकवलं असं नाहीच, रोज सकाळी काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींची, म्हणजे फियाटचीच, लाइन लागायची आणि निम्म्या गाड्यांना तोच आजार, पॉइंट (स्पार्कसाठी उघडझाप करणारे दोन छोटे संपर्क) जळलेले नाहीतर पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला पातळ पडदा) गेलेला, तेच काम शंभरदा केलं की हात आपोआप बसतो. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, तेव्हा पेपरात सगळे हळहळले पण आमच्या धंद्याची शाळाच बंद झाली हे कुणी लिहिलं नाही. तुमच्याकडे महिन्याला दोन गाड्या येणार, त्यावर पोराचा हात कसा बसेल?

म्हणून गाडीची वाट बघू नका. भंगारातून एक डिस्ट्रिब्युटर आणा (पॉइंट यातच बसतात, स्पार्क प्रत्येक प्लगला वाटतो तो हाच), व्हाइसमध्ये धरा आणि पोराला फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, द्या. गॅप, म्हणजे उघडलेल्या पॉइंटमधली फट, लावायचा, मोडायचा, परत लावायचा, दिवसाला वीस वेळा, आठवडाभर. बहुतेक जुन्या गाड्यांना तो ०.४ ते ०.५ मिमीच्या आसपास असतो, पण आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यायला लावा, ती सवय पण लागली पाहिजे. मग विचारा, गॅप वाढला तर टायमिंगचं, म्हणजे स्पार्क पडायच्या क्षणाचं, काय होईल? पॉइंट लवकर उघडतो म्हणजे स्पार्क आधी पडतो, म्हणजे टायमिंग ॲडव्हान्स. हे एकदा डोक्यात शिरलं की आधी गॅप आणि मगच टायमिंग का, ते वेगळं सांगावं लागत नाही. टायमिंगला बारा व्होल्टचा साधा बल्ब घ्या, एक वायर कॉइलकडून (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारी ती) डिस्ट्रिब्युटरला जाणाऱ्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला, इग्निशन ऑन करून इंजिन हातानं हळू फिरवायचं, पॉइंट उघडला की बल्ब पेटतो. पोरं खूश होतात बघा, त्यांना दिसतं ना!

कार्बोरेटर त्यानंतर. एक जुना सोलेक्स कंपनीचा कार्बोरेटर उघडायला द्या, प्रत्येक जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक असलेला तुकडा) काढताना मोबाइलवर फोटो काढायला लावा, आणि जेट तारेनं साफ करायला गेला तर तिथंच हात धरा, भोक मोठं झालं की गाडी जन्मभर पेट्रोल पीत बसते. हवेनंच साफ करायचं.

अजून एक, हे वडिलांसाठी, त्यांना वाचून दाखवा. आमचे उस्ताद टायमिंग लावायची वेळ आली की बरोब्बर मला चहा आणायला पाठवायचे. दोन वर्षं मी चहाच आणला. शेवटी टपरीवाल्याला सांगितलं तूच पोचव आणि मी मागच्या खिडकीतून बघितलं. वडिलांनी फक्त खुर्चीवर बसून बोलायचं, पाना पोराच्या हातात. चुकू दे, फार तर एक पॅकिंग फाटेल.

प्रश्न : मी नाशिकला आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करतेय. मला जुन्या गाड्या आवडतात पण घरचे म्हणतात यात पोट भरणार नाही. काय करू?

उत्तर : घरचे अर्धे बरोबर आहेत. नुसत्या जुन्या गाड्यांवर सुरुवातीला पोट भरत नाही, म्हणून पगार नव्या गाड्यांवर घे आणि रविवारी एखाद्या जुन्या मेकॅनिककडे जा. आणि लेथवाल्याशी, म्हणजे मशीनवर धातू कातणाऱ्याशी, दोस्ती कर. पार्ट मिळत नाहीत तेव्हा बुश (फिरत्या दांड्याभोवती बसणारी धातूची नळी) बनवून घ्यावा लागतो, आणि माप घेता येणारा मेकॅनिक आज शोधून सापडत नाही. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर वर्गात धूळ खात असतील तर आजच हातात घे.

प्रश्न : आजोबांची १९७२ ची फियाट दारात उभी आहे. पुतण्याला तिच्यावरच शिकू द्यावं का? व्हिंटेज नंबर पण घ्यायचाय.

उत्तर : द्या की, पण कापाकापी नको. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमानं पहिल्या रजिस्ट्रेशनपासून पन्नास वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, फक्त चासी, बॉडी, इंजिन मूळचं हवं, पुतण्यानं हौसेनं दुसरं इंजिन बसवलं की संपलं. आणि तो नंबर घेतल्यावर गाडी रोज भाजी आणायला नेता येत नाही हे पण घरात सांगून ठेवा. शिकायला पहिलं काम ब्रेकचं द्या, इंजिनचं नाही, पोरांना इंजिन चालू करायची घाई असते आणि मग गाडी थांबत नाही. चारही ड्रम उघडा, व्हील सिलिंडरचे रबर बदला, जुनं ब्रेक ऑइल पूर्ण काढून टाका. मग पेट्रोलचे रबरी पाइप, आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, जुनं रबर फुगतं नाहीतर तडकतं, म्हणून इथेनॉल चालणारेच पाइप मागून घ्या. टाकीतलं जुनं पेट्रोल मात्र तुम्ही उभे राहून काढा, उघड्यावर, आणि पुतण्या तेव्हा सिगरेटवाल्या मित्रांना घेऊन येणार नाही एवढं बघा.