सण म्हणजे पेर: चिनी ‘ज्ये’ आणि आपले ‘पर्व’

चिनी भाषेत सणाला ‘ज्ये’ म्हणतात आणि बांबूच्या पेरालाही ‘ज्ये’च म्हणतात, हे दोन निराळे शब्द आहेत की एकच, आणि वर्षाला ‘न्येन’ हे नाव त्याच नावाच्या राक्षसावरून पडले हे खरे का, असे एका वाचकाने विचारले आहे.

शब्द एकच आहे, आणि बांबूचा अर्थ मूळचा आहे. पारंपरिक लिपीत हे अक्षर लिहिताना माथ्यावर बांबूची खूण येते आणि खालचा भाग उच्चार सुचवतो, इ. स. १००च्या सुमारास शू शेन याने रचलेल्या कोशातही बांबू जिथे आवळल्यासारखा होतो ती जागा, असाच त्याचा अर्थ दिला आहे. तैवान आणि हाँगकाँगमध्ये ते आजही तसेच लिहितात, परंतु चीनच्या सुलभ लिपीत बांबूच्या जागी गवताची खूण आल्यामुळे शब्दाचे मूळ तिथल्या लिहिणाऱ्याच्या नजरेआड झाले आहे.

पेरापेराने वाढणाऱ्या बांबूसारखा काळही सांध्यासांध्याने पुढे सरकतो, या कल्पनेतून पुढचा अर्थ आला. सौर वर्षाचे सुमारे पंधरा-पंधरा दिवसांचे जे २४ टप्पे चिनी पंचांगात आहेत त्यांना ‘ज्येछी’ म्हणतात, आणि त्यांपैकीच ‘छिंगमिंग’ हा टप्पा एप्रिलच्या ४ किंवा ५ तारखेच्या सुमारास पूर्वजांच्या थडग्यांची झाडलोट करण्याचा सण झाला. सण साजरा करणे याला चिनी बोलण्यात ‘ग्वो ज्ये’ म्हणतात. त्यातल्या ‘ग्वो’चा मूळ अर्थ ओलांडणे असा आहे. मला हा प्रयोग फार सुंदर वाटतो.

मराठी माणसाला यात काहीच परके वाटू नये. संस्कृत ‘पर्वन्’ म्हणजे वेताची किंवा बोटाची गाठ, सांधा. त्यावरूनच अमावास्या-पौर्णिमेसारख्या कालसंधींना ‘पर्व’ म्हणू लागले, त्या दिवसांचे विधी आले आणि पुढे आपली ‘पर्वणी’ आली. उसाचे पेर आणि जप मोजताना अंगठा ज्यांवरून फिरतो ती बोटांची पेरे, यांतला ‘पेर’ही ‘पर्वन्’पासूनच आलेला मानतात. महाभारताचे भाग ‘पर्वे’, तसे चिनी पुस्तकातला विभाग आणि शाळेतला तासही ‘ज्ये’. दोन्ही भाषांनी ही वाट स्वतंत्रपणे काढली. उसनवारीचा इथे संबंध नाही. (आपला ‘सण’ हाही मुळात काळाचाच शब्द: संस्कृत ‘क्षण’, प्राकृतात उत्सवाच्या अर्थी ‘छण’, मराठीत ‘सण’.)

म्हणून चिनी सणांचा उगम शोधताना कथेच्या आधी तिथी पाहावी, असे माझे मत आहे. पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी येणारा ‘द्वानवू’ हा सण मीलुओ नदीत प्राण देणाऱ्या छ्यू युआन या कवीच्या स्मरणार्थ आहे असे सांगतात आणि लोक ते मनापासून मानतात. परंतु नावात कवीचा उल्लेख नाही: ‘द्वान’ म्हणजे आरंभ आणि ‘वू’ हे कालगणनेतले चिन्ह. हा उन्हाळ्याचा महिना रोगराईचा आणि अशुभ समजला जाई, म्हणून त्या दिवशी दारावर वेखंडाची पाती आणि दवण्याच्या जातीची एक उग्र वासाची वनस्पती टांगतात. बाळाला वेखंड उगाळून देणाऱ्या घरांना या रिवाजामागची काळजी वेगळी समजावून सांगायला नको.

‘न्येन’चेही तसेच आहे. वर्षाच्या शेवटी गावात शिरणाऱ्या आणि लाल रंगाला व फटाक्यांच्या आवाजाला भिणाऱ्या राक्षसाची कथा लोकप्रिय आहे, पण तिच्यावरून वर्षाला नाव पडले असे मानता येत नाही. शांग काळात, म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, हाडांवर कोरलेल्या या अक्षरात राक्षस नाही. पिकलेले धान्य वाहून नेणारा माणूस आहे. शू शेनच्या कोशातही ‘न्येन’चा अर्थ ‘धान्य पिकणे’ असाच दिला आहे.