सोनोग्राफी नॉर्मल, तरी मुलगी कळवळते

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची आहे. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत गडाबडा लोळते, उलट्या होतात, कॉलेज बुडतं. शौचाला बसतानाही कळ येते. सोनोग्राफी नॉर्मल आली. डॉक्टर म्हणाले, ‘सगळ्याच बायकांना दुखतं, लग्नानंतर थांबेल.’ सासूबाई म्हणतात, बाईच्या जातीला सोसायची ताकद असतेच. ती नाटक करते की काय, असं आता मलाही वाटू लागलंय.
– एक आई, कराड

उत्तर : ताई, ती नाटक करत नाही. हे आधी तिला सांगा, मग पुढचं वाचा.

बर्फाच्या पाण्यात हात बुडवून किंवा चटका देऊन वेदना मोजतात, तेव्हा सरासरीनं बायकांना पुरुषांपेक्षा लवकर आणि जास्त दुखतं. मग सोसायची ताकद कुठून आली? मी भूलतज्ज्ञ आहे. शिकत असताना सिझेरियनच्या वॉर्डात रात्रपाळी करायचे. जी मागेल तिला इंजेक्शन, अशी पद्धत होती. एका पहाटे पाहिलं, तर एक बाळंतीण तोंडात पदराचा बोळा कोंबून पडली होती. रात्री तिच्या केसपेपरवर मीच लिहिलं होतं, ‘तक्रार नाही’. ते दोन शब्द मला अजून टोचतात. आता मी प्रत्येकीला शून्य ते दहामध्ये दुखणं विचारते. मग कूस बदलायला सांगते आणि पुन्हा विचारते.

अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. पोटदुखीनं आलेल्या पुरुषांना वेदनाशामक मिळायला सुमारे ४९ मिनिटं लागली, बायकांना ६५. संशोधनातही तेच झालं होतं. वेदनेवरचे प्रयोग वर्षानुवर्षं मुख्यतः नर उंदरांवरच होत राहिले. २०१५ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या जेफ्री मोगिल यांनी सहकाऱ्यांसह दाखवलं, की मज्जातंतूच्या इजेनंतरची वेदना नरांमध्ये मज्जारज्जूतल्या मायक्रोग्लिया या रोगप्रतिकारक पेशी टिकवून ठेवतात; माद्यांमध्ये हे काम बहुधा टी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशी करतात. वेदना तीच, पण शरीरातली वाट निराळी!

आता मुलीबद्दल. शौचाच्या वेळची कळ तुम्ही लिहिलीत, ते फार बरं केलंत. त्यावरून मला एंडोमेट्रिओसिसची शंका येते. यात गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर, ओटीपोटात वाढते. प्रजननक्षम वयाच्या सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून तो नाही असं ठरत नाही. लग्न हा त्यावरचा उपाय तर नाहीच. निदानासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया आधी केलीच पाहिजे असंही नाही. लक्षणांवरून हार्मोनच्या गोळ्या सुरू करता येतात. त्या बऱ्याचदा गर्भनिरोधक असतात म्हणून घरात कुजबुज होईल. होऊ द्या.

मेफेनामिक ॲसिडसारखी गोळी कळ असह्य झाल्यावर घेतली तर कमी उपयोगी पडते. पाळीत गर्भाशय आवळून कळ आणणारं प्रोस्टाग्लँडिन हे रसायन तयार होणं ती रोखते, म्हणून पाळी सुरू होतानाच, जेवून, डॉक्टरांनी ठरवलेल्या वेळांना घ्यायची. अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी विचारा.

दोन पाळ्यांची वही ठेवा : तारीख, शून्य ते दहा आकडा, उलट्या, शौच-लघवीची कळ, बुडलेले तास. ती घेऊन दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. डॉक्टरांनी तुमच्याकडे बघून प्रश्न विचारला, तरी उत्तर तिलाच देऊ द्या.