ब्रिटनमधल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा पाठिंबा कोणत्या भागांत वाढला आणि कुठे घटला?

सुरुवात स्कॉटलंडपासून करायला हवी, कारण तिथली घसरण सर्वांत खोल आहे. १९५५ साली तिथे या पक्षाला (तेव्हा तो युनियनिस्ट नावाने लढे) निम्म्याहून किंचित जास्त मतं होती. १९९७ मध्ये तिथली एकही जागा उरली नाही. पक्षाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या काळात खाणी आणि पोलाद कारखाने बंद पडले. त्यात पोल टॅक्स (प्रत्येक प्रौढ व्यक्तीवर बसणारा स्थानिक कर) इंग्लंडच्या एक वर्ष आधी, १९८९ मध्ये, स्कॉटलंडवर लादला गेला. तो राग लोक विसरले नाहीत. २०१७ मध्ये १३ जागा आल्या, पण त्या मुख्यतः स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याच्या मागणीला विरोध म्हणून.

उत्तर इंग्लंडमध्ये उलटं घडलं. बिशप ऑकलंड हा जुना खाणकामगारांचा मतदारसंघ १८८५ पासून कधीच या पक्षाकडे नव्हता. २०१९ मध्ये ब्रेक्झिटच्या (युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या) लाटेत तो मिळाला, २०२४ मध्ये पुन्हा लेबर (मजूर) पक्षाकडे गेला.

माझ्या मते पक्षाने खरी काळजी करावी ती दक्षिणेची. पक्षाचे माजी पंतप्रधान कॅमेरॉन यांचा विटनी आणि थेरेसा मे यांचा मेडनहेड हे मतदारसंघ २०२४ मध्ये लिबरल डेमोक्रॅट्स या मध्यममार्गी पक्षाने जिंकले. सुखवस्तू, उच्चशिक्षित, ब्रेक्झिटवर नाराज असा हा मतदार आहे. दुसऱ्या बाजूने, त्याच निवडणुकीत, अधिक उजव्या विचारांच्या रिफॉर्म पक्षाने १४ टक्के मतं घेतली आणि कॉन्झर्व्हेटिव्ह १२१ जागांवर आले. उत्तरेतल्या कामगारांना आवडेल ते बोललं की दक्षिणेतला मतदार दुरावतो, आणि या पेचावर पक्षाला अजून उत्तर सापडलेलं नाही.