वळू आणि वैशाखाचं ऊन

भाऊ, जुलैत गायी उलटायला लागल्या, म्हणजे लावूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या, की सगळे गायींनाच बोल लावतात. तू आधी मे महिना आठव. वळूचं बीज तयार व्हायला साधारण 61 दिवस लागतात, वर आठ-दहा दिवस पक्व व्हायला. म्हणजे आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) भुसावळकडं पारा 45 ला टेकतो, त्या झळेचा हिशोब पार आषाढापर्यंत चालतो. वृषण शरीरापेक्षा 4-5 अंश थंड राहावे लागतात. दुपारी वृषणाची पिशवी सैल होऊन खाली लोंबली की समज, जनावर गार व्हायला धडपडतंय. तोंड उघडं, लाळेची तार, बरगड्या धपापताहेत, म्हणजे उशीरच झाला.

माझा पहिला एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकर वळू मी पत्र्याखाली बांधायचो. उडी झोकात मारायचा, पण त्या पावसाळ्यात गायी एकामागून एक उलटल्या. चढतो म्हणजे बीज चांगलं, हा समज तिथंच गेला.

आता निंबाखाली बांधतो, पत्र्यावर कपाशीच्या पऱ्हाट्या टाकतो. पाणी सावलीतलंच, तापलेलं तो हुंगून सोडतो. अंगावर पाणी मारशील तर वारा खेळता हवा, बंद गोठ्यात नुसता दमटपणा वाढतो. देशी गीर वळू ऊन जास्त सोसतो, तरी त्यालाही पहाटेच लाव.

खरं सांगू? दोन-चार गायींसाठी वळू पाळूच नको. गोठित रेतमात्रा, म्हणजे गोठवून ठेवलेलं वीर्य, भरवून घे. मात्र उन्हाळ्यात गाय मुका माज दाखवते, म्हणजे माजाच्या खुणा जेमतेमच दिसतात, तोही बहुतेक रात्री, तेव्हा बॅटरी घेऊन गोठ्यात एक चक्कर मारत जा. आणि वळू ठेवलाच असेल, तर जूनमध्ये त्याचं वीर्य तपासून घे.