मसाल्याचे पाकीट बदलले तेव्हा

सिलिॲक या आजारात गहू आणि जव यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते. तो असलेल्या मुलांच्या आया माझ्याकडे एक प्रश्न वारंवार घेऊन येतात. ज्या कंपनीच्या मसाल्यावर किंवा लोणच्यावर आपण डोळे झाकून भरवसा ठेवला, तिनेच आतले घटक बदलले, तर मुलाला घालायचे तरी काय? सांगलीत आहार समुपदेशनाचे काम करताना भेटलेल्या एका ताईंचा अनुभव, ओळख पटेल असे तपशील वगळून, येथे सांगते.

त्यांनी पिशवीतून कांदा-लसूण मसाल्याची दोन पाकिटे काढली आणि माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. एक रिकामे, घडी घालून जपलेले. दुसरे अर्धे भरलेले, तोंडाला कपड्यांचा चिमटा लावलेले. कंपनी तीच, नाव तेच, फक्त नव्या पाकिटाच्या कोपऱ्यात ‘नवी चव’ अशी केशरी पट्टी आली होती. जुन्या यादीच्या शेवटी नुसता हिंग होता. नव्या यादीत हिंगापुढे कंसात गव्हाचे पीठ होते आणि त्याखाली गहू असल्याची ठळक सूचनाही होती. “मॅडम, तीन आठवडे माझ्याच हातानं घातला मी तिला. पोरगी म्हणत होती, आई, पाकीट वेगळं दिसतंय. मीच म्हटलं, तेच हाय गं, जेव गप,” एवढे बोलून त्यांना रडू कोसळले.

लेक अकरा वर्षांची. रक्त वाढत नव्हते, वजन वाढत नव्हते, पोट सतत फुगलेले असे. अखेर रक्तातील प्रतिपिंडांच्या आणि आतड्याच्या तुकड्याच्या तपासणीतून निदान झाले. त्यानंतर आठ महिने घरात तिच्यासाठी ज्वारीची भाकरी वेगळ्या तव्यावर होत होती आणि ज्वारीही घरच्या छोट्या चक्कीवर दळली जात होती, कारण गिरणीत आधी गहू दळलेला असला तर त्याचे पीठ ज्वारीत उतरतेच. चपाती, पाव, बिस्किटे, वाढदिवसाचा केक, सगळे सुटले होते. घरातल्या सगळ्यांसारखी चव तिच्या ताटात उरली होती ती याच मसाल्यामुळे. त्यामुळे ताईंचे दुःख केवळ एका पाकिटाचे नव्हते, हे मला आधी समजून घ्यावे लागले. ‘काळजी करू नका’ असे मी म्हणाले नाही. अशा वेळी ते वाक्य ऐकणाऱ्याला अधिकच एकटे पाडते, असे माझे मत आहे.

मी त्यांना आकडे सांगितले. भारतात ‘ग्लूटेनमुक्त’ असे छापायचे असेल, तर एका किलो पदार्थात 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असून चालत नाही. रोज 50 मिलिग्रॅम ग्लूटेन दीर्घकाळ पोटात जात राहिले, तरी काही रुग्णांच्या आतड्याला इजा होते, आणि अर्धा ग्रॅम कणकेत साधारण तेवढे असते. भाजीतल्या चमचाभर मसाल्यात हिंगाचा आणि त्यातही पिठाचा वाटा बहुधा याहून कमी असेल, परंतु तो घरी मोजता येत नाही. म्हणून मसाला त्याच दिवशी बंद करावा, झालेली गोष्ट डॉक्टरांना स्पष्ट सांगावी आणि पुढची रक्ततपासणी केव्हा करायची हे त्यांच्यावर सोपवावे, असे आम्ही ठरवले. आठ महिन्यांचे पथ्य तीन आठवड्यांत मातीमोल होत नाही. ग्लूटेन थांबले की आतडे पुन्हा भरून येऊ लागते. हे ऐकल्यावर त्यांनी प्रथमच पाण्याचा ग्लास हातात घेतला.

हिंगाविषयी मात्र सविस्तर बोलावे लागले. बाजारात मिळणारा बहुतेक हिंग बांधणी हिंग असतो. मूळ डिंक फार उग्र असल्यामुळे तो गोंद, तांदळाचे किंवा गव्हाचे पीठ यांत मिसळून विकला जातो. ‘पूड नको, खडा घ्या, तो शुद्ध असतो’ हा सल्ला मी अनेक घरांत ऐकला आहे आणि तो धोक्याचा आहे, कारण खडाही पीठ घालून बांधलेला असू शकतो. मसाला, लोणचे, सांबार, पापड, जिथे जिथे हिंग आहे तिथे तो कशात बांधला आहे, हे विचारायलाच हवे. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो आणि माल्ट व्हिनेगर जवापासून होते, हेही मी त्यांना कागदावर लिहून दिले.

पाकिटावरच्या ग्राहक सेवा क्रमांकावर त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. प्रश्न दोनच होते: हिंगात कोणते पीठ आहे, आणि त्याच यंत्रावर गव्हाचे काही होते का? पहिल्याचे उत्तर मिळाले, दुसऱ्याचे नाही. तेव्हा तो मसाला कायमचा सोडायचे ठरले. दुसरी कंपनी शोधण्याऐवजी त्यांनी ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची आणून, कांदा वाळवून तळून, घरीच मिक्सरवर मसाला केला आणि हिंग पूर्ण वगळला. कांदा आणि लसूण भरपूर असताना त्याची उणीव भासत नाही, हे त्यांचेच म्हणणे.

लेकीचा प्रश्न वेगळा होता. आई रडली ती आपण बोललो म्हणून, असा तिने समज करून घेतला होता, आणि शाळेत ती डबाच उघडेनाशी झाली होती. मी आईला एवढेच सुचवले की, ‘तू बरोबर ओळखलं होतंस’ हे शब्द तिला घरात सर्वांसमोर ऐकू द्या. तेव्हापासून दुकानातून आलेले प्रत्येक पाकीट, नेहमीचे असले तरी, फोडण्यापूर्वी लेक मोठ्याने वाचते आणि पेनाने त्यावर तारीख घालते. दोन मिनिटांचे काम आहे, पण डबा आता रिकामा होऊन घरी येतो.

पुढच्या तपासणीत प्रतिपिंडांचे प्रमाण आधीपेक्षा उतरले होते, पूर्ण सामान्य नव्हते. त्याला अजून काही महिने लागतील, असे डॉक्टर म्हणाले. अहवाल दाखवायला आलेल्या ताईंनी जाताना स्टीलचा छोटा डबा माझ्यापुढे सरकवला. मसाला संपत आला आहे आणि मार्चचे ऊन पडले की या वेळी दोन किलो मिरची वाळत घालणार आहे, असे त्या म्हणाल्या.